तुमचे दादा हल्ली बोलत नाहीत

४ नोव्हेंबर
आवाजाची खोली

प्रिय भावजी,

फोन केला होता. तुमच्या आन्सरिंग मशीनने तुमच्याच आवाजात "मी नाही" असं सांगितलं आणि मग जी शिट्टी वाजवली, ती तुमच्यापेक्षा मनमिळाऊ वाटली. पण शिट्टीशी बोलायची सवय मला नाही. म्हणून हा कागद.

माझी आवाजाची खोली तुम्ही पाहिलेली नाही. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या वर ती आहे. भिंतींना मऊ करडा फोम, दाराला दुहेरी कवाडं, आणि आत इतकं शांत की माणसाला स्वतःच्या पापण्या ऐकू येतील. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, ते आधी माझ्याकडे येतात. मी वाक्यं देते, ते वाचतात. "खिडकी लाव." "पाणी गरम आहे का?" "मी तसं म्हटलंच नव्हतं." पुढे आवाज गेला की माणूस शब्द टाइप करतो आणि यंत्र ते त्याच्याच आवाजात बोलतं. लिलाव पुकारणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी जाताना तीनदा विचारून घेतलं की "एक वार, दोन वार" नीट रेकॉर्ड झालंय ना. शाळेतल्या एका बाईंनी नुसतं हसणं भरून ठेवलंय.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर काळा पडदा, वर पांढरी अक्षरं. "आपल्या फाईली सुरक्षित आहेत. घाबरू नका. आम्ही मदतीला आहोत." इतक्या सौजन्याने माझ्याशी सासरचंसुद्धा कुणी कधी बोललेलं नाही. खाली पैशांची मागणी, आणि एक उलटं चालणारं घड्याळ. ते थांबेपर्यंत पैसे नाही दिले तर किल्ली कायमची फेकून देणार म्हणे. जिथे "लिलाववाले, सकाळचा आवाज" असं नाव होतं, तिथे आता मांजराने टाइप केल्यासारखी अक्षरं आहेत. एक फाईल वाजवून पाहिली. यंत्र म्हणालं, हे मला ओळखता येत नाही.

तेव्हापासून एकच स्वप्न पडतंय. खालच्या धुलाईखान्यात माणसं बिल्ले घेऊन रांगेत उभी आहेत आणि मी त्यांना इस्त्री केलेले आवाज घडी घालून देते आहे. बिल्ले बदललेत. लिलाववाले बाईंचं हसणं घेऊन निघून गेले आणि मला हाकही मारता येत नाही.

आमचे घशाचे डॉक्टर म्हणतात, देऊन टाका पैसे. तुम्ही आयुष्यभर कॉम्प्युटरची अशीच कुलपं काढत आलात. काय करू सांगा. त्यात घरचाही एक आवाज आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमचे दादा हल्ली बोलत नाहीत, तेव्हा त्यांचा निरोप नाही.

तुमची
वहिनी


७ नोव्हेंबर
तळ्याकाठी

प्रिय वहिनी,

इथे धुकं असं पडतं की पोस्टमन आधी ऐकू येतो आणि बऱ्याच वेळाने दिसतो. तुझं पत्र त्याने हवेतूनच माझ्या हातात दिलं. फोन मी उचलत नाही, कारण या धंद्यात फोनवर माणसं फक्त रडतात. कागदावर रडतानाही निदान ओळी सरळ ठेवतात.

हे वाचतेस त्या क्षणी उठ आणि त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची केबल उपट. वायफाय बंद कर. रुग्णालयातल्या बाकीच्या मशीनना सांग की आमच्याकडे साथ आली आहे, आमच्याशी संबंध ठेवू नका. पण मशीन स्वतः बंद करू नकोस, झोपेतल्या माणसासारखं तसंच राहू दे. चोरांचे काही माग त्याच्या आठवणीत असतात आणि बटण दाबलं की ते विसरतं. त्या सौजन्यमूर्तींच्या पाटीचा फोटो काढ. मांजराने टाइप केलेली एकही फाईल पुसू नकोस. पोलिसांच्या सायबर खात्यात तक्रार दे. तिथला साहेब जांभई देईल, देऊ दे, तक्रार लिहून घेतली म्हणजे झालं. आणि ज्यांचे आवाज आहेत त्यांना आजच कळव. ही बातमी त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळली तर ते तुला कधीच माफ करणार नाहीत.

आता पैशांचं. देऊ नका. डॉक्टरांना सांग, हे दुकान नव्हे. दिल्यावर किल्ली मिळते असं नाही, मिळालेली चालते असं नाही. चालली तरी अर्ध्या फाईली उघडतात आणि अर्ध्या भुसा होऊन पडतात. वर देणारं घर म्हणून दारावर खूण होते, ती वेगळीच. पुढच्या वर्षी तेच येतात किंवा त्यांचे चुलतभाऊ येतात.

बॅकअप कुठे आहे? असेल तर आनंदाच्या भरात तो लगेच जोडू नकोस. आधी मला कळव.

घरचा आवाज म्हणजे तुझाच नमुन्याचा असणार. तो गेला तर गेला. दादाला म्हातारपणी जरा शांतता लाभेल.

आणि तो बोलत नाही यात "हल्ली" काय आहे? पटावर उंटाला हात लावला, हलवला मात्र घोडा, आणि मी "हात लावला तो हलवायचा" म्हटलं तर पट उधळून अबोला धरला, तो आजतागायत. माणूस इतकं ताणतो, कमाल आहे. त्याला म्हणावं, चालू ठेव. या वेळी जमलेलं दिसतंय.

तुझा
भावजी


११ नोव्हेंबर

भावजी,

सांगितलंत तसं केलं. केबल उपटली. फोटो काढला, तो आणि एक बंद फाईल सोबत पाठवते आहे. पोलिसांकडे गेले, तिथल्या साहेबांनी जांभई दिली आणि मग चक्क मन लावून लिहून घेतलं. तुमचा अंदाज अर्धाच बरोबर आला.

पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंत, ते मी वाचलंच नाही असं समजते आहे.

बॅकअप आहे. म्हणजे होता. एक मोठी हार्ड डिस्क खास सुरक्षिततेसाठी घेतलेली, आणि खास सुरक्षिततेसाठीच ती मी कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली. तिच्यावरही तीच पाटी, तेच घड्याळ. किती नीटनेटके लोक आहेत.

ते आत कसे आले, तेही आता कळलं. आधीच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा मेल आला होता. "माझा आवाज सोबत जोडला आहे. कृपया ऐकावा." दुसऱ्या कुणाला असा मेल आला तर तो दचकेल. मला रोज येतात, माझं कामच ते. उघडला. यंत्राने विचारलं, परवानगी आहे का? आवाज ऐकायला मी कुणाला नाही म्हणत नाही, दिली. हेडफोन लावले. काहीच ऐकू येईना.

मला वाटलं, या माणसाचा आवाज आधीच गेलेला दिसतो. उशीर झाला बिचाऱ्याला, तरी आशेने पाठवलंय. अशी शांतता चटकन बंद करणं बरं दिसत नाही. मी ऐकत बसले. खाली अंगणात चादरी वाळत होत्या, वाऱ्याने फुगून परत पडत होत्या, आणि त्या लयीत मला पलीकडे कुणी श्वास घेतंय असंसुद्धा वाटलं. मनात म्हटलं, निदान हा एक माणूस तरी घाई करत नाही. उत्तरही पाठवलं त्यांना. "आपली शांतता मिळाली. प्रत्यक्ष येऊन भेटा."

आले की भेटायला.

एक बरं झालं. रेकॉर्डिंग पुरं झालं की प्रत्येकाला त्याच्या आवाजाची एक प्रत पेनड्राइव्हवर भरून, फितीत बांधून द्यायची, अशी माझी पद्धत आहे. डॉक्टर त्याला माझं खूळ म्हणायचे. आता एकेकाला निरोप धाडला आहे. लिलाववाल्यांनी पेनड्राइव्ह स्वतः आणून दिला आणि टेबलावर ठेवताना हातातल्या यंत्राकडून "तीन वार!" म्हणवलं. शाळेच्या बाईंचा सापडला, फ्रीजवर, मिठाच्या बरणीमागे. सगळे मिळत चाललेत. एक मिळणार नाही.

म्हणून विचारते. ते कुलूप नेमकं असतं कसं? तुमच्यासारख्याला उघडता येणार नाही असं काय असतं त्यात?

वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

"आपली शांतता मिळाली" हे वाचून मी एवढा हसलो की तळ्यावरची बदकं उडाली. बऱ्याच वर्षांत कुणी चोराला इतक्या अदबीने घरात घेतलं नसेल. पण मनाला लावून घेऊ नकोस. हे लोक माणसाची वाईट सवय शोधत नाहीत, चांगली शोधतात. हिशेबनिसाला बिल पाठवतात, नोकरी देणाऱ्याला अर्ज, आणि तुला आवाज.

आत शिरले त्याच दिवशी त्यांनी काही केलं नाही, पाहा. आधी नुसते मोजे घालून घरभर फिरले असतील. कुठे काय ठेवलंय, तुझी ती लाडकी डिस्क कुठल्या तारेला आहे, कुठल्या कपाटाचा पासवर्ड कुणाच्या वाढदिवसाचा आहे. मग एका पहाटे सगळं उरकलं. पाटीवरच्या मजकुरावरून मी ही टोळी ओळखतो. आम्ही तिला साखरझोप म्हणायचो.

कुलूप कसं असतं? साधं दाबाचं कुलूप आठव. लावायला किल्ली लागत नाही, दाबलं की खट्ट. काढायला मात्र लागते. त्यांनी तुझ्या प्रत्येक फाईलला एक वेगळी छोटी किल्ली फिरवली, त्या सगळ्या किल्ल्या एका डबीत टाकल्या, आणि डबीला आपलं दाबाचं कुलूप लावलं. डबी तुझ्याच घरात आहे. तिची किल्ली कधी तुझ्या घरात आलीच नव्हती, मग तिथे शोधणार काय? अंदाजाने करायची म्हटली तर आकाशातल्या चांदण्या संपतील आणि आपण पहिल्याच दात्यावर कानस घासत असू.

तुझे आवाज कुठे गेलेले नाहीत. तिथेच आहेत. फक्त आपण कोण, हे त्यांना आठवत नाही.

तू पाठवलेली फाईल आणि पाटी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवली. काही टोळ्या पकडल्या गेल्यात, काहींनी कुलूपच गचाळ बनवलं होतं. त्यांच्या किल्ल्या आता कुणालाही फुकट मिळतात. साखरझोपेची अजून मिळालेली नाही. म्हणून त्या बंद फाईली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेव. कधीकाळी किल्ली निघते, असं मी पाहिलं आहे. मशीनचं काम मात्र झालं. तपास करणाऱ्यांनी हवं ते घेतलं की ते पुसून कोरं करा, सगळे पासवर्ड बदला, आणि मगच ते पेनड्राइव्ह एकेक करून तपासून आत घ्या. आणि पुढे एक प्रत तरी अशी ठेव, जी कशालाच जोडलेली नाही. जोडलेलं असेल ते सगळं एकत्र बुडतं. तुटलेलं असतं तेवढं तरतं.

आता एक गोष्ट कळत नाही. सगळे मिळाले म्हणतेस, एकच राहिला, आणि तरी पत्रभर तुझ्या ओळी वाकड्या गेल्यात. त्या एका माणसाला परत बोलाव, फोमच्या खोलीत बसव आणि म्हण, बाबा, पुन्हा बोल. एवढं काय त्यात?

दादाचा उंट कसा आहे?

भावजी


१८ नोव्हेंबर

भावजी,

रक्ताच्या बाटल्या नेणारी आमची गाडी उद्या तुमच्या तळ्यावरून जाते आणि दुपारी परत येते. हे पत्र तिच्या ड्रायव्हरकडे देते आहे, कारण पोस्टाइतका वेळ घड्याळात उरलेला नाही.

त्या माणसाला मी पुन्हा बोलावू शकत नाही. तो पुन्हा बोलणार नाही. तो तुमचा सख्खा भाऊ आहे.

तुम्ही त्याच्या घशावर विनोद करता. आधी म्हणालात, शांतता लाभेल. मग म्हणालात, चालू ठेव, या वेळी जमलेलं दिसतंय. मी पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं, ह्यांच्या हाती पडू नये म्हणून. उन्हाळ्यात गाठ निघाली, पावसाळ्यात ऑपरेशन झालं, आणि त्याच्या आधी ह्यांनी स्वतः तुम्हाला फोन करून सांगितलं होतं. माझ्यासमोर, कपडे घालून, केस विंचरून, जणू समोरच दिसणार होतात तुम्ही. मी विचारलं, काय म्हणाले भावजी? म्हणाले, "त्याला कळवलंय. यायचं असेल तर येईल." तुम्ही आला नाहीत. तेव्हापासून ह्यांनी तुमचं नाव, आता ज्या पाटीवर लिहून बोलतात, त्या पाटीवरही लिहिलेलं नाही.

मी ह्यांचा आवाज महिनाभर रेकॉर्ड केला. इतर लोक ठरलेली वाक्यं वाचून निघून जातात. हे रोज यायचे, खुर्ची मागे कलती करायचे आणि वाट्टेल ते बोलायचे. काचेपलीकडे मी, अलीकडे ते, मध्ये ती करडी शांतता. लग्न झाल्यापासून मी इतकं कधी ऐकलं नव्हतं ह्यांचं. संपलं तेव्हा मी पेनड्राइव्ह भरला नाही. म्हटलं, घरचाच माणूस. त्यांना कशाला प्रत? मी आहे ना.

यंत्रात बसवायचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरू दे. तेवढ्यात माझे शांत पाहुणे आले.

रुग्णालय पैसे देणार नाही, तुमचं म्हणणं त्यांना पटलं. बाकीच्यांचे आवाज परत आलेत, आता जे बंद आहे ते फक्त माझं आहे. म्हणून ते मी माझं सोडवणार. उद्या संध्याकाळी मी त्या लोकांना निरोप पाठवते. किल्ली मिळेल न मिळेल. तुमच्यापेक्षा ते लोक बरे, विचारलं की उत्तर तरी देतात.

वहिनी


१९ नोव्हेंबर

वहिनी,

ड्रायव्हर दारात उभा आहे, चहा नको म्हणतो.

मला माहीत नव्हतं.

"तुमचे दादा हल्ली बोलत नाहीत." हे वाक्य मी आमच्या घरातल्यासारखं वाचलं. आमच्या घरात बोलत नाही म्हणजे रुसलाय. दुसरा अर्थ असतो, हे मला सुचलंच नाही.

त्याचा फोन यायचा. मशीन उचलायचं, नुसत्या "हॅलो"वरून कळायचं कोण ते, आणि मी आवाज खाली करून तळ्यावर निघून जायचो. ऐकलं असतं तर अबोला मोडला असता, आणि मोडायचा तर त्याने, उंटाला हात त्याने लावला होता. परत यायचो तेव्हा लाल दिवा लुकलुकत असायचा. कॅसेट भरली की काढून डब्यात टाकायचो आणि नवी घालायचो. पुसायचं बटण शेजारीच होतं. ते दाबलं नाही, याचं श्रेय मी आळसाला देत आलोय.

डबा पाठवतोय. आत किती आहेत, मी पाहिलेलं नाही. एकही ऐकलेली नाही. कशालाच जोडलेल्या नाहीत.

आज संध्याकाळी कुणाला काही पाठवू नकोस. आधी डबा उघड. आणि त्या खोलीत एकटी बसून उघड.


९ डिसेंबर
आवाजाची खोली

प्रिय भावजी,

उलटं घड्याळ केव्हाच संपलं. शून्यावर आलं आणि काही झालं नाही. खाली चादरी वाळत होत्या. बंद फाईली उतरवून तुमच्या सांगण्याप्रमाणे कपाटात ठेवल्यात. कधीतरी जाग्या होतील, नाही तर झोपतील तिथे. मशीन कोरं करून घेतलं. त्या लोकांना काही पाठवलं नाही. डबा उघडायला वेळच इतका लागला.

कारण तो संपतच नव्हता. आम्ही समजत होतो की तुम्ही दोघं भाऊ बोलत नाही. भावजी, हे दर रविवारी तुमच्याशी बोलत होते! मी बाजारातून यायचे तेव्हा हे फोनजवळून उठून इतके साळसूदपणे पेपर उचलायचे की मला वाटायचं दुसरं काही लफडं असावं. एका कॅसेटमध्ये पेपरच वाचून दाखवलाय, मधूनमधून "ऐकतोयस ना गाढवा?" असं विचारत. एकीत शेजारच्यांचा नळ गळतो त्याचं वर्णन. एकीत फक्त "फोन उचल" वेगवेगळ्या चालींवर. आणि सगळीकडे तो उंट. "मी हात लावला नव्हता. हात लागला. लावणं वेगळं आणि लागणं वेगळं, भाषा येते का तुला?" एकदा मी भाजीत मीठ विसरले होते, तेही तुम्हाला सांगितलंय. ते माझ्याशी बोलले नाहीत, तुमच्या शिट्टीशी बोलले.

मी हेडफोन लावून ऐकत राहिले. मधूनमधून टेपची सरसर यायची, लांब कुठे पाऊस पडत असल्यासारखी, आणि त्यातून हे चालत यायचे.

आवाज बसवायला पुरेसा मजकूर आहे. किंबहुना जास्तच. पण तो सगळा तुम्हाला रागावतानाचा. त्यामुळे यंत्र आता ह्यांच्या आवाजात जे काही म्हणतं, ते शेवटचं बजावून सांगितल्यासारखं म्हणतं. परवा मला "पाणी दे" म्हणाले तर मी घाबरून दोन पेले आणले. डॉक्टरांचे आभार मानले, ते बिचारे खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आणि फोनवरचा आवाज तो फोनवरचाच. समोर बसून बोलतात, तरी कुठून तरी फार लांबून फोन केल्यासारखं ऐकू येतं. मी आता काम करता करता "हां, बोला" म्हणते, पलीकडे असल्यासारखी. आम्हा दोघांना त्याची गंमत वाटायला लागली आहे.

प्रती केल्या आहेत. एक इथे, एक डॉक्टरांच्या कपाटात, एक फितीत बांधून ह्यांच्या खिशात. ती मिठाच्या बरणीमागे ठेवायची नाही, असं ह्यांनी मला दरडावून सांगितलं.

सर्वांत वरची कॅसेट मी पुरती ऐकली नाही. ऑपरेशनच्या आधीची आहे. सुरुवातीला घसा खाकरण्याचा आवाज आला आणि मी बटण दाबलं. ती तुमची आहे. सोबत परत पाठवते.

तुमची
वहिनी


१६ डिसेंबर
तळ्याकाठी

प्रिय दादा,

वहिनीला लिहायला बसलो होतो आणि हात तुझ्या नावावर गेला. गेला तो गेला, आता मागे घेत नाही.

कॅसेट ऐकली. आधी खाकरलास, मग म्हणालास, "गुरुवारी कापणार आहेत. यायची गरज नाही. आलास तर पट घेऊन ये, इथला उंट हरवलाय." बस, एवढंच. मी ती परत लावली नाही. आवाज अजून खोलीत आहे, तो विरला की लावीन.

मग काल फोन वाजला. मी धुक्यात होतो, धावत आत आलो. मशीन म्हणालं, "मी नाही." शिट्टी वाजली. आणि तू रागावून, लांबून, टेपच्या सरसरीसकट म्हणालास, "आहेस तू. उचल."

उचलला. तिकडून तुझी बटणं ऐकू येत होती, टकटक, एकेक अक्षर जुळवत होतास. मीही इकडे तेच करत होतो, फक्त माझ्याकडे बटणं नव्हती. आपल्या घरातली मी ऐकलेली ही सगळ्यात लांब शांतता, आणि तिच्यात कुणी रुसलेलं नव्हतं. मग तुझं वाक्य पुरं झालं. "हात लागला होता."

मी "हो" म्हटलं. तुला ऐकू आलं का ते कळलं नाही, म्हणून इथे लिहून देतो. लागला होता.

शनिवारी येतो. पट आणतोय. उंट माझ्याकडेच होता.

भाऊ

ता. क. मशीनवरचं "मी नाही" काल पुसलं. त्याच्या जागी काय भरावं ते अजून सुचलेलं नाही, तोवर फोन मीच उचलतो आहे.